मामाच्या कागदावरची भोकं

शाळेची बस चालवणारी बाई बंदूक शिकवणार म्हटल्यावर आमच्या ब्रायर क्रीकमध्ये लोकांना किती हसू फुटलं ते विचारू नका. "ट्वायला, उशिरा येणाऱ्या पोरांना गोळी घालणार का गं?" हे मी पेट्रोल पंपावर ऐकलं, टपाल कचेरीत ऐकलं, दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना ऐकलं. हसा म्हटलं, हसा. प्रशिक्षकाचं सर्टिफिकेट हातात पडून महिनाही झाला नव्हता आणि पहिलाच वर्ग मिळाला होता तो आमच्याच चर्चच्या सुरक्षा पथकाचा.

हे पथक म्हणजे रविवारी प्रार्थना चालू असताना कमरेला पिस्तूल लावून दारात उभी राहणारी आमचीच माणसं. आजवर त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. यंदा विमा कंपनीने डोळे वटारले. प्रत्येकाचं प्रशिक्षकाच्या सहीचं प्रमाणपत्र दाखवा, नाहीतर दारात हत्यार नको. आणि पथकाचा म्होरक्या कोण? माझा सख्खा मामा, ऑरविल ब्लेडसो. आई गेल्यावर मला वाढवणारा, आणि पहिली रायफल माझ्या हातात देणारा.

ती रायफल त्याने काढूनही घेतली होती. मी दहा-अकरा वर्षांची असेन. खारीच्या नादात चापावर बोट ठेवून गर्रकन वळले ती नळी थेट मामाच्या पोटावर. तो ओरडला नाही. रायफल घेतली, कपाटात ठेवली, कुलूप लावलं. मी रडले, पाय आपटले, जेवण टाकलं, पण पठ्ठ्या हलला नाही. शिकारीचा हंगाम संपल्यावर परत दिली आणि म्हणाला, "आता लक्षात राहील."

तर शनिवारी सकाळी आम्ही हॉलिसच्या जुन्या खडीच्या खाणीत जमलो. समोर मातीचा उंच बांध, त्याच्या पुढे लाकडी चौकटींवर कागदाची टार्गेटं. शिकायला सहाजण. मामा डावीकडे अगदी टोकाला, त्याच्या शेजारी व्हर्नामामी, मग बाकीचे. मामी पथकात नव्हती. "ह्याला सोबत म्हणून आले," म्हणाली. पास्टर डीकिन्स ट्रकला टेकून कॉफी पीत उभे होते. आजचा वर्ग नीट झाला तर खोऱ्यातली बाकीची चर्चंही तुझ्याकडेच येतील, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं.

"काय गं मास्तरीण," मामा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पिस्तूल कुठल्या बाजूने धरायचं असतं?"

"गप्प बस, नाहीतर पहिल्या बाकावर बसवीन," मी म्हटलं. सगळे हसले.

पण त्याने पिस्तूल बाहेर काढलं आणि माझं हसू विरलं. सगळ्यांकडे, मामीकडेही, बारीक गोळीची नाइन एमएम होती. मामाकडे त्याचं जुनं, जाड गोळीचं पंचेचाळीसचं धूड. ते हातात थरथरत होतं. पहिल्या सरावात त्याची गोळी कागदाच्या कितीतरी खाली, बांधाच्या पायथ्याशी धूळ उडवून गेली. दुसरीही तशीच. पिस्तूल परत म्यानात घालताना बोट चापावरच.

"मामा, बोट."

"हो हो, दिसतंय मला."

कुठलं दिसतंय! मी मामीकडे पाहिलं. तिने नजर फिरवली.

आम्हाला प्रशिक्षणात एक गोष्ट घोटून घेतली होती. टार्गेटकडे बघू नका, हातांकडे बघा. म्हणून परीक्षेच्या फैरीला मी मामाच्या डाव्या खांद्याशी उभी राहिले आणि त्याच्या हातांवरून डोळा काढला नाही. सगळे एकदम झाडत होते. कान झाकलेले असूनही छातीत दणके बसत होते. मामाचा हात प्रत्येक वेळी खाली जात होता. मी मनात म्हणत होते, देवा, हा नापास होणार, आणि मलाच सांगावं लागणार.

फैर थांबली. हत्यारं रिकामी करून घेतली, सगळ्यांना कागदाशी नेलं. मामाच्या कागदाच्या मधोमध मुठीएवढ्या जागेत भोकंच भोकं होती.

"आरं तिच्या!" मामा ओरडला. "बघितलंस? हात आहे अजून!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पास्टर फोटो काढायला धावले. मामाचा चेहरा असा फुलला होता की गेल्या हिवाळ्यापासून मी तो तसा पाहिलाच नव्हता. मलाही खूप आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. कारण त्याचा हात प्रत्येक गोळीला खाली जाताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता.

मी पास्टरांना म्हटलं, तुम्ही सगळे वर खाणीच्या काठावर जा, जेवायला चिलीचं कालवण गरम आहे. मामालाही त्यांच्याबरोबर पाठवला. मग त्याच्या डब्यातली पंचेचाळीसची एक गोळी घेतली आणि कागदाच्या कडेला असलेल्या एका भोकात तिचं टोक घातलं. आरामात आरपार गेलं. मधल्या भोकात घातलं तर अडकलं. दुसऱ्यातही अडकलं. तिथली सगळी भोकं लहान होती.

"नको बघत बसूस," मागून मामी म्हणाली.

तिचा स्वतःचा कागद अर्धाअधिक कोराच होता.

"मामी, अगं, तू दुसऱ्याच्या टार्गेटवर झाडलीस? तो शेजारी उभा असताना? कुणी एक पाऊल पुढे टाकलं असतं तर?"

"कुणी नाही टाकलं."

"वेड लागलंय का तुला!"

"लागलंय," ती म्हणाली. "डॉक्टरांनी नजर गेली म्हणून गेल्या हिवाळ्यात ट्रक बंद करायला सांगितला, तेव्हा किल्ल्या मी काढून घेतल्या. करवत विकली तीही मीच. आता हेही मीच काढून घेऊ? रविवारी त्या दारात उभा राहतो तेवढा एक दिवस तो माणसात असतो, ट्वायला. सही कर. इतक्या वर्षांत कुणी आलंय का त्या दारात? येणारही नाही."

खरं सांगते, पेन खिशातच होतं. त्या माणसाने मला ताप आला की रात्र रात्र जागवली होती. एक सही. पण त्या दारातून माझ्याच बसमधली पोरं धावत सुटतात, मामाच्या गुडघ्यांना धडकतात, त्याच्या कोटाचे खिसे चाचपतात पेपरमिंटसाठी. आणि पिस्तूल हातात आलं की त्याचं बोट चापावर असतं.

"त्याला परत एकदा झाडू दे," मी म्हटलं. "एकट्याला."

मी चौकटीवर नवा कागद चढवला.

मी मामाला हाक मारली. तो खुशीतच आला, हातात अर्धं बिस्किट. "काय, पास्टरला व्हिडिओ हवाय?"

"मला हवाय. नवा कागद लावलाय. पाचच भर."

मामी आमच्या मागे ट्रकपाशी उभी राहिली. मामाने झाडली. धूळ. झाडली. धूळ. मी मोजत होते. चौथ्या गोळीनंतर तो थांबला. बहुतेक त्याला वाटलं, संपल्या.

"व्हर्ना!" म्हणत तो वळला. "लागल्या ना गं?"

पिस्तूल त्याच्याबरोबर वळलं. नळी आधी माझ्या छातीवरून गेली आणि मग मामीकडे. बोट चापावर. मी "थांब" म्हणून ओरडले की नाही, आठवत नाही. दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं आणि सगळं अंग टाकून खाली दाबलं. गोळी सुटली. मामीच्या पुढ्यातली खडी उडाली आणि ती किंचाळून खाली बसली.

"मामी!"

"लागलं नाही," ती म्हणाली. "खडी लागली. लागलं नाही मला."

तिच्या नडगीतून रक्त येत होतं, ओरखडाच होता. मी पिस्तूल ओढून घेतलं, रिकामं केलं. वरून लोक धावत येत होते. मी हात वर करून त्यांना तिथेच थांबवलं.

मामाने मामीच्या पायाकडे पाहिलं. मग कागदापाशी गेला. नाक लावून पाहिलं, हाताने चाचपला, वरपासून खालपर्यंत. कागद कोरा होता.

"मघाच्या कागदावर कुणी मारल्या?"

त्याने मामीकडे पाहिलं आणि त्याला कळलं.

"नेम चांगला आहे गं तुझा," तो म्हणाला.

"नापास केलंय मी तिला," मी म्हटलं. मला रडू आवरत नव्हतं. "तुम्हा दोघांनाही. मामा, मला माफ कर, पण मी सही करणार नाही."

तो माझ्यासमोर आला. कमरेचा पट्टा सोडायला त्याला वेळ लागला. मी मदतीला हात पुढे केला तो त्याने बाजूला सारला. म्यान काढून त्याने माझ्या हातातल्या पिस्तुलावर ठेवलं.

"बोट होतं ना चापावर?"

"होतं."

"तुझी रायफल मी हंगाम संपल्यावर परत दिली होती," मामा म्हणाला. "मी मागेन, ट्वायला. रडेन, भांडेन, जेवण टाकेन. मला देऊ नकोस."