बिरोबाला सोडलेला मेंढा

मित्रांनो, मला बघून नाक मुरडू नका. मी बांबूचे एक जुने नळकांडे आहे, आणि मेंढरांना औषध पाजण्यात माझा जन्म गेला. धर्मा धनगराने मला तिरपे कापले, जनावराच्या तोंडाला इजा होऊ नये म्हणून कडा घासून गुळगुळीत केल्या.

तेव्हा मुंबईत प्लेग यायचा होता. परळला गिरण्यांच्या मागे गवत उगवत असे. धर्मा वारला, तेव्हा त्याचा कळप बायको पुतळाबाई आणि सून शेवंती तिथे चारू लागल्या. शेवंतीची स्वतःची म्हणावी अशी एकच मेंढी होती, माहेरून आलेली चंद्री. ती गाभण होती.

पावसाळा सरला आणि कळपाला जंत झाले. मेंढरे हगवणीने खंगली, पापण्या आतून पांढऱ्या पडल्या. गुरांच्या डॉक्टरांनी मोरचूद पाण्यात मोजून दिला आणि बजावले, एकही मेंढरू सोडू नका, राहिलेल्याच्या लेंड्यांतून जंत पुन्हा गवतावर येतात. मी ते निळे पाणी पाजले. मेंढरे तरतरीत झाली. शेवंती मला गुणाचे म्हणाली, मीही जरा फुगलेच.

पण एक मेंढा राहिला. तो धर्माने बिरोबाला सोडलेला. देवाच्या जनावराची काळजी देवाला, त्याच्या तोंडात माणसाचे औषध घालायचे नाही, ही त्या घरची रीत. शेवंतीने सासूला परोपरीने विनवले. औषध घातले तर देवावर भरवसा नाही असे होईल, एवढेच पुतळाबाई सांगायची. मला असा संताप येई म्हणता!

मेंढा पुढे चरायचा, मागून कळप. जंत परतले. पुन्हा औषध, पुन्हा जंत. चंद्रीच्या जबड्याखाली पाण्याची सूज आली. ती व्याली, पण कासेत दूध नव्हते. सकाळी ती उठलीच नाही.

शेवंती भांडली नाही. तिने कोकरू उचलून सासूच्या मांडीवर ठेवले.

"आत्याबाई, आता घरची रीत तुम्हीच सांगा याला."

पुतळाबाईने कोकरू पदरात गुंडाळून बाजूला ठेवले. मग उठली, मला धुऊन औषध भरले आणि मेंढ्याचे डोके गुडघ्यांत धरले.

"बिरोबा, कोपायचं तर माझ्यावर कोप. पण हा माझ्या दारात आहे तोवर याचं दुखणं मीच बघणार."

मेंढा मुकाट प्यायला. हळूहळू कळप सावरला. कोकरासाठी दोघी शेळीचे दूध मागत फिरल्या, पण ते जगले नाही.

मित्रांनो, आता मी कुडात खोचलेले असते, कुणी विचारत नाही. त्याचे मला काही नाही. एवढेच सांगते, ज्याच्यावर माया आहे त्याला देवावर टाकून मोकळे होऊ नका. मेंढ्याला औषध मीच पाजले, चांगले पाजले. पण तेव्हा शेवंती चंद्रीची रिकामी दावण झाडत होती, तिने वळूनही पाहिले नाही.