पेडगावात उमललेली नवी जास्वंद

त्या दिवशी लीलाबाईंनी चहाचं आधणही ठेवलं नाही. उजाडलं तशा त्या तडक अंगणात गेल्या. दीड वर्षं जपलेल्या जास्वंदीचं पहिलं फूल आज उमलणार होतं, आणि फुलाचा रंग कोणता निघेल हे पेडगावात काय, अख्ख्या जगात कुणाला ठाऊक नव्हतं.

कारण ही जास्वंद नर्सरीतली नव्हती. परभणीला शेतकीच्या कॉलेजात शिकणारी भाची राजनंदिनी गेल्याच्या आदल्या दिवाळीला आली होती, तेव्हा तिनं शिकवलं होतं, "मावशी, पिवळ्या फुलाचा पराग लाल फुलाच्या दांडीच्या टोकावर लाव. ऊन चढायच्या आत." लीलाबाईंनी बारा फुलांना पराग लावला. अकरा गळून पडली. एकाचं बोंड धरलं, दोन महिन्यांनी तडकलं, आणि आत निघाल्या सात बिया. बियांची साल ब्लेडनं जराशी खरवडून, रात्रभर पाण्यात ठेवून त्यांनी पेरल्या. काळ्या मातीत पाणी तुंबून मुळं कुजतात म्हणून निम्मी रेती आणि शेणखत घातलं. तरी जगलं एकच रोप.

पंधरा दिवसांपूर्वी तेही उरलं नसतं. त्यांचे यजमान मुंजाजी कुदळ घेऊन आले होते.

"जास्वंदीवर पिठ्या ढेकूण बसतो, लीला. तितून कापसात जातो. वावर हितं भिंतीपल्याड हाय."

बोलणं खरंच होतं; ही पांढरी, पिठासारखी कीड कापसाचा रस शोषते. लीलाबाई कुदळीपुढं उभ्या राहिल्या. "आवं, कळ्या धरल्यात तिनं! पंधरा दिस द्या. एक जरी पिठ्या दिसला तर मी माझ्या हातानं उपटते."

मग एक दिवसाआड त्या साबणाच्या पाण्यानं एकेक पान खालून पुसायच्या, लिंबोळीचा अर्क फवारायच्या, बुडाशी पिठ्या वाहून आणणाऱ्या मुंग्या दिसल्या की हाकलायच्या. मुंजाजी रोज चष्मा लावून तपासायचे. पिठ्या सापडला नाही. पण पहिली कळी पिवळी पडून गळाली, तेव्हा लीलाबाईंना जेवण गोड लागलं नाही. फोनवर राजनंदिनी म्हणाली, "पाणी जास्त झालं असेल. आधी बोट खुपसून माती बघ, मगच घाल." दुसरी कळी तेवढी टिकली.

आणि आता ती सुटायला लागली होती. एक पाकळी, मग दुसरी. कडेनं केशरी, आत हळदीसारखी पिवळी, आणि मधोमध गर्द लाल!

"आवं! या की लवकर! आवं, पळा!"

मुंजाजी तोंडात ब्रश घेऊनच धावले. त्यांना वाटलं, साप निघाला. फुलापुढं येऊन ते थबकले, चूळ भरून आले आणि पुन्हा वाकून बघत राहिले.

"असला रंग म्या कुठंच पाह्यला न्हाई," ते हळूच म्हणाले. "तू केलीस ही?"

"मी केली!" लीलाबाई हसल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

व्हिडिओ कॉलवर राजनंदिनी किंचाळलीच. शेजारच्या कडूबाई परडी घेऊन आल्या. "लय देखणं हाय गं! देवाला देतीस?"

"आज न्हाई. सांजंला मिटंल ते. दिवसभर समद्यांना बघू दे."

दुपारपर्यंत अर्धी गल्ली येऊन गेली. मुंजाजी ज्याला त्याला सांगत होते, "बीपासून केलीय, घरच्या घरी." मग पाणी प्यायला आत आले तेव्हा म्हणाले, "पाऊस हाय तवर फांद्या लावून घे. पण कापसापासून लांब. हौदाच्या पल्याड वाफा करून देतो."

"आन पिठ्या?"

"बघतो की मी रोज."

ते रेतीचं घमेलं घेऊन निघालेसुद्धा. लीलाबाईंनी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या दोन फांद्या निवडल्या, पान फुटतं त्या डोळ्याच्या खाली तिरप्या कापल्या.

"त्यातली एक मला दे," कडूबाई म्हणाल्या.

"देते की," लीलाबाई म्हणाल्या. "आधी सांग, माती कसली घालशील?"