झरा बुजवण्याचं काम

साहेबांनी सांगताच गहिनीनाथने दोन्ही तळहात टेबलावर पसरले. घट्टे बघून साहेब खूश झाले. उमापूरच्या मजूर सोसायटीच्या ऑफिसात दहा जणांची टोळी त्याच्या पाठीशी श्वास रोखून उभी होती. दुष्काळाचं तिसरं वर्ष. विहीर खोदायला कुणी बोलवीत नव्हतं. अशात पार उत्तरेला, बर्फाच्या मुलखात, हिऱ्यांच्या खाणीसाठी सरळ खाली भुयार खोदायचं काम आलं होतं. टोळी न्यायची की नाही, ते साहेब ठरवणार होते.

"किती खोल गेलाय आजवर?"

"वीस परस, साहेब. बेचाळीस हिरी खांदल्या, पर एक बी कोरडी न्हाई सोडली. पानी मला घावतंच."

काम मागायला आलेल्या माणसाने आपला गुण झाकून ठेवावा, असं कुठं लिहिलंय? पण साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"पाणी नकोय आम्हाला. खाणीत पाणी शिरलं की माणसं बुडतात. झरा लागला की लगेच सिमेंट दाबून बुजवायचा. जमेल?"

"खारं आसंल, साहेब?"

"छे! बर्फाचं पाणी. साखरेसारखं गोड."

झरा लागला की पहिली ओंजळ गहिनीनाथ कपाळाला लावायचा, मग वरून नारळ मागवायचा. त्याच झऱ्याच्या तोंडात सिमेंट कोंबायचं म्हणजे त्याला पापच वाटत होतं. मागे टोळीतला सुग्रीव खाकरला. त्या खाकरण्याचा अर्थ टोळीतल्या प्रत्येकाला कळला.

"बुजवू," गहिनीनाथ म्हणाला.

बाहेर टँकरच्या रांगेत त्याची बायको विमलबाई सकाळपासून उभी होती.

"झालं का काम?"

"झालं. सोमवारी निघायचं."

"मंग तोंड कावून उतरलंय?"

तिच्यापासून काही लपवायची त्याला सवय नव्हती.

"झरा लागला की बुजवायचाय तितं. शिमिटानं."

विमलबाईने रिकामी घागर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतली. रांग एक पाऊल सरकली, तशी तीही सरकली.

"गोड हाय का वो तितलं पानी?"

गहिनीनाथने तिच्या भेगाळलेल्या ओठांकडे पाहिलं.

"न्हाई. लई खारं. ढोरं बी तोंड लावनार न्हाईत."

"मंग काय," विमलबाईचा जीव भांड्यात पडला, "बुजवा खुशाल."