पवन्याचं बी

उद्धवराव आपल्या पायानं सुभद्राबाईच्या दारात आला, तेव्हाच तिच्या जिवाला गार वाटलं. याच मेल्यानं मुरमासाठी जनवाड्याचं गायरान पार उकरून टाकलं होतं. आडवा आला म्हणून तिच्या नवऱ्यावर, रामरावावर, चोरीचा खोटा आळ घेतला. त्याची हाय खाऊनच रामराव गेला. आता बीदरच्या साहेबांनी उद्धवरावाला दम भरला होता, की या पावसाळ्यात गायरानावर इथलंच गवत उगवून दाखव, नाहीतर खटला भरतो.

इथलं गवत म्हणजे पवन्या. बांधाबांधावरून त्याचं बी गोळा करून जपणारी आसपासच्या गावांत सुभद्राबाई एकटीच.

ओसरीवर दोन पोती होती. एकात गेल्या सालचं धुळकट, काळपटलेलं बी, दुसऱ्यात यंदाचं पिवळंधमक.

"ही घाण माझ्या गळ्यात मारायलीस व्हय?" उद्धवरावानं जुन्या पोत्याला लाथ घातली. "नवं दे, सुभद्रे. मला शिकवू नको."

पवन्याचं बी वर्षभर पडून राहिल्याबिगर उगवत नाही. हे सांगायला तिनं तोंड उघडलंही होतं, पण लाथ बघितली आणि मिटलं. मर की मग!

"न्या अप्पा. तुमच्या मनासारखं व्हऊ द्या."

तो गेल्यावर लेक संध्या म्हणाली, "आई, सांगितलं कामून न्हाईस?"

"इचारलं का त्यानं?"

मृगात त्यानं सगळ्या माळावर नवं बी फेकलं. सुभद्राबाईनं त्याच माळाच्या कडेला जुनं बी पेरलं, ते मुद्दाम. पाऊस झकास झाला. श्रावण सरता सरता साहेब आले, तर हिची पट्टी गुडघाभर हिरवी आणि बाकीचा माळ लालभडक, उघडा.

"हिनं मेलेलं बी दिलं, साहेब!" उद्धवराव गावादेखत ओरडला.

"मेलं न्हाई. फुडच्या पावसात उगवंल बघा," सुभद्राबाई म्हणाली. "जुनं देत व्हते, तर ह्यांनीच लाथाडलं."

साहेबांनी पंचनामा लिहायला घेतला. उद्धवरावाचा चेहरा उतरला. तो तिच्याजवळ सरकला आणि जन्मात पहिल्यांदा हात जोडून म्हणाला, "अक्का, जुनं बी उरलंय का? अजून पाऊस हाय. वाचव मला."

सुभद्राबाईनं त्याला डोळे भरून बघून घेतलं. असलं सुख तिला कितीक वर्षांत लाभलं नव्हतं.

"हाय की, अर्धं पोतं हाय," ती म्हणाली. "तुमच्यावर खटला भरू द्या, दुसऱ्याच दिवशी पेरते."