पान तीनवर वाचा

सरांनी पेन्सिलीने एकच तिरकी रेघ मारली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"हे काढा. आणि त्या जागी दुसरं काहीतरी घाला. मोकळी जागा सोडू नका बाई. मोकळं दिसलं की लोकांना वाटतं, इथे काहीतरी होतं."

आमच्या कॉलेजचं चार पानी वार्तापत्र निघतं. मुलं लिहितात, मी तपासते, प्राचार्य सर मंजुरी देतात. सरांनी काढलेला मजकूर मुलींच्या वसतिगृहाबद्दल होता. रात्री दाराला बाहेरून कुलूप लागतं आणि चावी खिशात घालून रखवालदार कुठेही भटकतो. मध्यंतरी एका मुलीला दम्याचा झटका आला. रखवालदार सापडेपर्यंत तिचे ओठ निळे पडले होते. मुलगी वाचली. कुलूप तसंच आहे.

"मुलगी ठणठणीत आहे ना आता? मग कशाला उगाच?" सर म्हणाले. "आणि हो, पुढच्या वर्षीच्या हंगामी नेमणुका याच आठवड्यात बघायच्यात."

हंगामी म्हणजे मीच.

बाहेर तोफ उभी होती. ही आमची विद्यार्थिनी-संपादक. नाव आवाजावरून पडलेलं. झटका आलेली मुलगी तिच्याच खोलीतली.

"मग? त्या जागी काय घालू, बाई?"

"गुलाबाची छाटणी कशी करावी, तो लेख पडून आहे ना?"

"छाटणी! वा. अगदी विषयाला धरून."

दोघींनाही हसू आलं नाही.

दुपारी घरी गेले, पण जीव थाऱ्यावर नव्हता. दूध गॅसवर ठेवलं आणि वाळलेले कपडे काढायला बाल्कनीत आले. मागे खट्ट झालं. माझ्या लेकीला नुकतीच कडी सरकवता यायला लागलीय. काचेपलीकडे ती स्वतःवर खूश होऊन टाळ्या पिटत होती.

"उघड गं सोन्या. आता उलटी सरकव. तश्शी."

तिने मला टाटा केला. मग आई आत येतच नाही म्हटल्यावर तिचा खालचा ओठ वाकडा झाला, आणि तिच्या मागे पातेल्यात दूध चढायला लागलं. सासूबाई अंघोळीला गेलेल्या. मी काच बडवत हाका मारत राहिले, आत लेक रडत राहिली, आणि मधे बोटभर जाडीची काच.

सासूबाई ओल्या केसांनी धावत आल्या, आधी गॅस बंद केला, मग कडी काढली. "अगं, एवढी काय घाबरलीस? मी होते ना घरात."

"हो आई. तुम्ही होतात."

लेकीला इतकं घट्ट धरलं की ती कुरकुरून ढकलायलाच लागली.

छापखान्यात पोचले तर तोफ आधीच तिथे, आणि छापखानेवाले काका हातात एक ताव धरून उभे.

"बाई, आतली पानं लावतो आता. पण याचं काय करायचं?"

शाई वाळावी म्हणून बाहेरची बाजू, म्हणजे पान एक आणि चार, आम्ही आदल्या दिवशीच छापून घेतो. सर फक्त आतली पानं बघतात. पहिल्या पानावर त्यांचाच फोटो असतो, त्यात काय बघायचं? त्या फोटोखाली ठळक चौकट होती: "मुलींना रात्री कोंडून कोण ठेवतं? पान तीनवर वाचा." ती आम्ही सगळेच विसरलो होतो.

"काळा पट्टा मारून देऊ का वरून?" काकांनी विचारलं.

तोफेने काकांच्या हातातला ताव घेऊन माझ्यापुढे धरला.

"पट्टा नको," मी म्हटलं. "गुलाबही नको. पान तीनवर मथळा ठेवा, चौकट ठेवा, आत कोरं. खाली छापा, 'हा मजकूर काढला आहे. काही विचारायचं असेल तर मला विचारा.' आणि माझं नाव." सगळंच छापून टाकायचं धाडस माझ्यात नव्हतं.

"तुमचं का? माझं घाला."

"तुला अजून परीक्षा द्यायच्यात."

"आणि तुम्हाला काय द्यायचंय?"

"गप गं," म्हटलं, आणि छपाईच्या मंजुरीची सही केली.

अंक वाटला त्या सकाळी सरांचं बोलावणं आलंच. जिन्यात वसतिगृहाच्या मुली बसल्या होत्या, प्रत्येकीच्या मांडीवर पान तीन उघडं. आधी वाटलं, वाचतायत. पण कोऱ्या चौकटीत वाचणार काय? त्या लिहीत होत्या. कुणी ताप चढलेली रात्र, कुणी आजोबा गेल्याचा फोन आला आणि दार उघडेना ती रात्र. मी एकीचा अंक मागून घेतला.

सर उभेच होते. "मी स्पष्ट सांगितलं होतं, मोकळी जागा सोडू नका."

"मोकळी राहिली नाहीये, सर."

अंक त्यांच्यापुढे ठेवला. ते वाचत राहिले. मग खाली बसले. चष्मा काढून पुन्हा लावला आणि फोन उचलला. "रखवालदाराला पाठवा. हो, आत्ता. चावी घेऊन." माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तुमच्या नेमणुकीचं नंतर बघू."

संध्याकाळी मी स्क्रूड्रायव्हर घेऊन बाल्कनीच्या दाराशी बसले. लेक प्रत्येक स्क्रू तोंडात घालायला टपलेली.

"नंतर बघू म्हणजे गेलीच की गं नोकरी," सासूबाई म्हणाल्या.

"असेल."

त्यांनी लेकीला उचलून कडेवर घेतलं. "खालचा स्क्रू आधी काढ. नाहीतर कडी पायावर पडेल."