बाईंनी मध्ये बोलू नये

मित्रांनो, मी रेडिओवरचा एक जुना कार्यक्रम आहे. ‘आहे’ ही आपली सवय; खरं तर होतो. दर शनिवारी सकाळी साडेसातला मी लागायचो आणि आठच्या बातम्यांना जागा करून द्यायचो. नाव ‘कदमताल’. माझ्यात फक्त मार्चच्या धुना वाजत. मोठा ढोल, कर्णे, बासऱ्या, झांजा. गाणं नाही, गायक नाही. शब्द तेवढे बाईंचे, दोन धुनांच्या मधले.

बाई म्हणजे माझी जन्मदाती. केंद्रावर सगळे त्यांना बाईच म्हणत. एकोणीस वर्षांपूर्वी कोठीत जुन्या तबकड्यांचं एक खोकं त्यांना सापडलं. एकेक तबकडी त्यांनी रुमालानं पुसली, लावली आणि त्या स्वतःशीच म्हणाल्या, “इतकं सुंदर वाजवून ठेवलंय, आणि चालायला कुणी नाही!” तो माझा जन्म.

माझ्या अंगी एक गुण आहे. मी जिथे जिथे वाजतो, तिथलं मला दिसतं. वाजणं थांबलं की अंधार. त्यामुळे मला माणसं ठाऊक आहेत ती शनिवारची, अर्ध्या तासापुरती. पण तेवढ्यातही बरंच कळतं. सुरुवातीला मी हजारो घरांत होतो. एक शिंपी माझ्या तालावर मशीन मारायचा; धून वेगाची लागली की त्याच्या शिवणी वाकड्या जात आणि गिऱ्हाईक शिव्या घाली. एक न्हावी माझा भारी चाहता होता, त्याच्या खुर्चीतली माणसं मात्र झांजा वाजल्या की डोळे मिटून घेत. एका घरात नवरा-बायको मला मोठ्यानं लावत, म्हणजे अर्धा तास एकमेकांशी बोलायला नको.

मग घरोघरी चित्रं दिसणारी पेटी आली आणि मी गळत गेलो. शेवटी शेवटी मी मोजून त्रेचाळीस घरांत उरलो होतो. त्यातल्या अकरा घरांत चालू होतो तो केवळ बंद करायला कुणी उठत नव्हतं म्हणून. खोटं कशाला बोलू?

उरलेल्या बत्तीसांत एक घर होतं टपालकाकांचं. ते निवृत्त पोस्टमन. त्यांच्या बायकोला दोन वर्षांपूर्वी झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. डॉक्टरांनी सांगितलं, रोज चालवा. काका तिला धरून ‘एक-दोन, एक-दोन’ म्हणत. पाय हलेना. त्यावर काकू म्हणायच्या, “अहो, जन्मभर तुमच्याच तालावर चालले. आता पायच ऐकत नाहीत, मी काय करू?”

एका शनिवारी काकांनी बातम्यांसाठी रेडिओ लवकर लावला. माझी पहिली धून सुरू होती, संथ, नुसता ढोल आणि कर्णा. काकू पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या. ढोलाचे चार ठोके पडले आणि त्यांचा डावा पाय पुढे सरकला. वीतभर. आणखी चार ठोके, आणखी वीतभर. काकांच्या हातातली कपबशी तशीच राहिली.

तेव्हापासून त्या शनिवारच्या झाल्या. इतर दिवशी पाय गप्प. घरात वाजवायला दुसरं यंत्र नव्हतं, आणि वेगाच्या धुना त्यांना झेपत नसत. माझी सुरुवात दर वेळी त्या एकाच संथ धुनेनं व्हायची; तीन मिनिटांची ती धून, एवढीच त्यांची. तीन मिनिटांत त्या पलंगापासून टेबलाच्या कोपऱ्यापर्यंत पोचत. तीस पावलं. मग धून संपे आणि बाई गोड आवाजात त्या बँडचा इतिहास सांगू लागत. काकू टेबल धरून तिथेच अडकत. दार आणखी अठरा पावलांवर.

“बोलली बया!” काकू म्हणत. “दारापर्यंत नेईल तर शपथ.”

“मी पत्र लिहितो त्यांना,” काका म्हणत.

“लिहिलंत! चाळीस वर्षं लोकांची वाटलीत, स्वतः एक तरी लिहिलंय का कुणाला? मी माहेरी होते तेव्हा मलासुद्धा नाही.”

“तुझी आई वाचायची ना आधी.”

असं ते ‘लिहितो’ दीड वर्ष चाललं.

इकडे केंद्रावर नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या वरच्यांना आकडा हवा होता, त्यांनी तो बाईंकडे मागितला. महिन्याभरात श्रोत्यांची वीस पत्रं आली तर कार्यक्रम राहील, नाहीतर त्या वेळात गाद्यांची जाहिरात करणारे तयारच आहेत. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अहो, बत्तीस आहेत! हवं तर पत्ते देतो! पण मला ढोल आहे, तोंड नाही.

पहिल्या आठवड्यात एकही पत्र आलं नाही. माझे श्रोते कामाचे हात असलेले. त्यांना कागद-पेन सापडायलाच महिना लागतो. मग पुढच्या शनिवारी मी बाईंच्या स्वयंपाकघरात वाजत असताना (माझं ध्वनिमुद्रण आधीच होत असे) पाहिलं, की त्या तीन रंगांची पेनं घेऊन बसल्या आहेत. त्यांनी एक गवंडी तयार केला, एक निवृत्त मास्तरीण, एक दूरच्या गावचा दुकानदार, एक सात वर्षांची मुलगी. मुलीचं अक्षर डाव्या हातानं काढलं. गवंड्याला दुसऱ्या पत्रात ताप आला आणि बाईंना खरोखरच काळजी वाटली, कारण तिसऱ्यात त्यांनी त्याला बरा केला. अशी बावीस पत्रं झाली. सगळी कौतुकाची. आणि ती सगळी त्यांनी केंद्राच्या फाटकासमोरच्या टपालपेटीत टाकली. खोट्याची सवय नसलेल्या माणसाला खोट्याची पूर्ण मेहनत करता येत नाही, ती अशी.

त्याच महिन्यात टपालकाकांनी खरंच पत्र लिहिलं. मग शनिवारी काकूंना ऐटीत सांगितलं, “आपल्या गल्लीतली पेटी दोन दोन दिवस उघडत नाहीत. मलाच ठाऊक ना! म्हणून बस धरून गेलो आणि थेट केंद्राच्या फाटकासमोरच्या पेटीत टाकून आलो. ती रोज उघडतात.”

मित्रांनो, बाईंची पत्रंही त्याच पेटीत होती! पण ढोल वाजतच राहिला.

नंतरच्या शनिवारी साहेबांनी बाईंना बोलावलं. मी आधीच ध्वनिमुद्रित असल्यानं साहेबांच्या भिंतीवरच्या स्पीकरमध्ये वाजत होतो. टपाल थेट त्यांच्याकडे जाई. त्यांनी मला बारीक केलं, बंद केलं नाही.

“तेवीस पत्रं, बाई. मी वीस मागितली होती.”

“तेवीस?” बाई दचकल्या. मग सावरून म्हणाल्या, “लोकांना आवडतो, साहेब.”

“आवडतोच. आणि सगळ्यांना आपल्याच फाटकासमोरची पेटी आवडते. गवंड्याला, मास्तरणीला, आणि या दुकानदाराला, जो म्हणे दोनशे मैलांवर राहतो. सगळीकडे शिक्का एकच. ही तर कमाल आहे, ऐका.” साहेब वाचू लागले. “‘माझ्या बायकोचे पाय फक्त पहिल्या धुनेला चालतात. टेबलापाशी पोचते आणि धून संपते. अठरा पावलं कमी पडतात. तरी बाईंनी मध्ये बोलू नये.’ वा! तक्रारसुद्धा घातलीत. मानलं तुम्हाला.”

बाई उठून उभ्या राहिल्या. “साहेब, हे माझं नाही.”

साहेबांनी ते पत्र पुन्हा गठ्ठ्यात घातलं. स्पीकरमध्ये बासऱ्या चालू होत्या.

“म्हणजे बाकीची बावीस तुमची.”

बाई खाली बसल्या. त्या दिवशी त्यांनी एवढं एकच खरं वाक्य उच्चारलं होतं. नेमकं तेच नडलं.

“पुढचा शनिवार शेवटचा,” साहेब म्हणाले. “आणि निरोप-बिरोप नको. लोक उगाच फोन करतात.”

“त्यांचा पत्ता तरी उतरवून घेते.”

“जो माणूस तुम्हीच जन्माला घातला, त्याचा पत्ता कसला उतरवता?” असं म्हणून त्यांनी तेवीसही पत्रं फायलीला लावली आणि फाईल कुलपात ठेवली.

शेवटच्या शनिवारी मी नेहमीसारखा लागलो. पहिली संथ धून वाजली आणि संपली. बाई बोलल्या नाहीत. लगोलग तीच धून पुन्हा सुरू झाली.

काकू टेबलापाशी थांबायच्या बेतात होत्या. त्यांनी काकांकडे पाहिलं. काका हलले नाहीत. चार ठोके, एक पाऊल. एकतीस. बत्तीस. काका मागे मागे चालत होते, हात पसरून, न धरता. अठ्ठेचाळिसाव्या पावलाला काकूंनी दाराची कडी पकडली आणि दार उघडलं. बाहेर नुसता जिना होता, त्यावर कुणाचीतरी रिकामी पिशवी पडली होती. तरी त्या बराच वेळ बघत उभ्या राहिल्या.

“पाहिलंस?” काका नाक पुसत म्हणाले. “पत्र पोचलं!”

“पुढच्या शनिवारी जिना,” काकू म्हणाल्या.

आठ वाजता बाई म्हणाल्या, “पुन्हा भेटू पुढच्या शनिवारी, याच वेळी.” तसंच म्हणायची आज्ञा होती. त्यांचा आवाज जरा घोगरा होता, पण सर्दीचे दिवस होते.

त्यानंतर मी कोठीतल्या खोक्यात आहे. इथे अंधार आहे, आणि मी वाजत नाही म्हणून मला काही दिसत नाही. तबकड्यांवर धूळ बसत असेल, बसो. मी पुसून मागत नाही. तुम्हाला कुणाचं काही आवडत असेल, तर ते आजच सांगा, आपल्या हातानं, आपल्या गल्लीतल्या पेटीतून सांगा, एवढं मी म्हणेन. पण माझं खरं मागणं वेगळं आहे.

त्याच्या पुढच्या शनिवारी साडेसातला काकांनी बटण फिरवलं असेल. काकू पलंगाची कड धरून उभ्या राहिल्या असतील, डावा पाय जरासा पुढे, पहिल्या ठोक्यासाठी. गादीवाला बोलायला लागला असेल. त्यांना वाटलं असेल, आता थांबेल, आता बाई येतील. काकू कुणाचं ऐकून खाली बसणाऱ्या नाहीत.

मित्रांनो, तुमच्या जिन्यावरच्या घरात असं कुणी उभं असेल, तर आत जा आणि त्यांना सांगा, बाई आता येणार नाहीत. त्यांना खाली बसवा.