चढणीचा नारळ

निसर्ग मंडळाची वर्गणी इतकी तुटपुंजी होती, की नाल्याला कुंपण घालायचं म्हटलं तर नुसते खांब आले असते, तार नाही.

आरे कॉलनीतल्या त्या नाल्यात खडकी नावाचा बोटभर मासा कसाबसा उरला होता. जूनमध्ये पाणी वाढलं की तो अंडी घालायला खडकांवरून वर चढायचा आणि नेमका तेव्हाच, अंड्यांनी भरलेल्या पोटाने, लोकांच्या बांबूच्या पिंजऱ्यात सापडायचा. त्याला वाचवायची योजना मंडळाने नीलाच्या गळ्यात घातली. ती अंधेरीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. सगळा नाला राखायची गरज नाही, हे तिच्या लवकरच लक्षात आलं. माशाची वर जायची वाट एकच, पायरीसारख्या एका खडकावरून. तेवढी आठवडाभर मोकळी राहिली की काम झालं. पहारेकरी नेमावा, तर मासे त्यालाही आवडणार.

खरी अडचण घरातच होती. पिंजरे लावणारे सगळे तिच्याच चाळीतले, कोकणातून गिरणीत आलेले आणि संपानंतर मिळेल ते काम धरलेले. गावची रीत मात्र त्यांनी सोडली नव्हती. वडीलधाऱ्याने पाण्याला नारळ दिल्याशिवाय कुणी पिंजरा टाकत नसे. आणि ते वडीलधारे म्हणजे नीलाचे सासरे, लवूतात्या.

"तात्या, यंदा नारळ आठवडाभर उशिरा द्या."

"आणि लोकांका काय सांगू? सुनेन अडवल्यान म्हणून?"

नीलाने समजावलं, की असेच अंड्यांसकट खात राहिलात तर हा मासा नातवंडांना कॉलेजच्या बरणीत बघावा लागेल. तात्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

जूनमध्ये नाला वाहू लागला. पाणी अजून गढूळ आहे, असं सांगून तात्यांनी नारळ पुढे ढकलला. दुसऱ्या दिवशीही तेच. शेजारच्या धोंडूने भर चाळीत विचारलं, "काय तात्या, नारळ महागला की सून?" सगळे हसले. तात्याही हसले, पण जागचे हलले नाहीत. रीत मोडायला कुणी धजलं नाही. नीला कॉलेजला जाण्याआधी रोज नाल्यावर जायची. मासे पायरीला चिकटत, घसरत, पुन्हा चिकटत वर जात होते.

आठवड्याने नारळ पाण्यात पडला. पिंजऱ्यात थोडेसे मासे आले, पोटं रिकामी. सासूबाई रुक्मिणीबाईंनी कालवण वाढतानाच सांगून टाकलं, की याला चव नाही.

तात्यांनी नीलाकडे पाहिलं. "फुडल्या वर्षी तरी अंडी गावतली मां?"

"नाही, तात्या. पुढच्या वर्षीही उशिराच द्यायचा."

तात्यांनी घास गिळला आणि ताट बायकोकडे सरकवलं.

"मग तिरफळां तरी जरा जास्त घाल गो."